‘समाज तयार झाला’ म्हणजे नेमकं कोण तयार झालं?

आमच्या गावच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत यंदा एक संध्याकाळ ‘विसाव्या शतकाच्या आरंभीचं इंग्लंड’ या विषयाला दिली होती. वक्ते अभ्यासू होते, ओघवतं बोलले. शेवटी मात्र ते म्हणाले की पहिल्या महायुद्धात बायकांनी कारखाने सांभाळले, त्यामुळे समाजाची मानसिकता बदलली, आणि समाज तयार झाल्यावर १९१८ साली त्यांना मताधिकार आपसूक मिळाला. तेव्हा कायद्याची घाई करू नये, मानसिकता बदलण्याची वाट पाहावी. प्रश्नोत्तरांत एक मुलगी तावातावानं उठली. युद्धाचा काही संबंध नाही, मताधिकाराच्या जहाल चळवळीच्या नेत्या एमेलिन पँकहर्स्ट आणि त्यांच्या सोबतिणींनी दुकानांच्या काचा फोडल्या म्हणून मत मिळालं, असं तिचं म्हणणं. पुढचा अर्धा तास सभागृहात युद्ध विरुद्ध काचा अशी लढत रंगली. दोन्ही बाजूंना टाळ्या मिळाल्या आणि मी अस्वस्थ होऊन घरी आले. कारण दोन्ही बाजूंनी ‘समाज’ हा शब्द एखाद्या माणसाचं नाव असावं तसा वापरला. तो समाज म्हणजे कोण, तो कधी तयार झाला आणि कशावरून, हे कुणी विचारलंच नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. आधी मनं बदलतात आणि मग कायदा बदलतो, असं त्या काळातलं इंग्लंड सांगत नाही. ज्यांच्या हाती दाराची कडी होती त्यांतले कित्येक जण शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. बाहेर ठेवलेल्यांनी संघटना बांधल्या, वर्गणी जमवली, सह्या गोळा केल्या, तुरुंगवास सोसला आणि दार बंद ठेवणं आतल्यांना परवडेनासं केलं. मनं बदलली ती बहुतेक वेळा नंतर, आणि तीही सगळीकडे सारखी नाहीत. टिळक-आगरकरांच्या काळापासून आपण ‘आधी काय’ हा वाद घालत आलो आहोत. त्यात इंग्लंडचा दाखला द्यायचाच असेल, तर तो नीट तपासून द्यावा एवढीच माझी मागणी आहे.

१९१८ च्या कायद्यानं मत कुणाला दिलं ते पाहू. २१ वर्षांवरच्या जवळजवळ सगळ्या पुरुषांना. युद्धावर गेलेल्यांना तर १९ व्या वर्षापासून. बायकांना मात्र वयाची ३० वर्षं पूर्ण असतील तरच, आणि शिवाय ती स्वतः किंवा तिचा नवरा घर-जागेच्या अटीनुसार स्थानिक मतदार यादीत असेल किंवा ती विद्यापीठाची परीक्षा उत्तीर्ण असेल, तरच. अशा सुमारे ८४ लाख बायका मतदार झाल्या. आता युद्धसाहित्याच्या कारखान्यात राबलेली मुलगी डोळ्यांसमोर आणा. ती बहुधा विशीतली. भाड्याच्या खोलीत नाहीतर आईबापांकडे राहणारी. तिला मत नाही. दुसऱ्याच्या घरात राहून काम करणारी मोलकरीण चाळिशीची असली आणि अविवाहित असली, तरी तिलाही नाही, कारण ती राहते ती खोली मालकाची. मत हे युद्धातल्या कामाचं बक्षीस होतं, तर ते काम न करणाऱ्या मध्यमवयीन गृहिणीला मिळालं आणि काम करणाऱ्या पोरीला मिळालं नाही, हे कसं?

त्या पोरीचं काम काय होतं हेही जवळून पाहायला हवं, कारण ‘कारखाने सांभाळले’ या दोन शब्दांत फार काही झाकलं जातं. लीड्सजवळच्या बार्नबो इथल्या कारखान्यात तोफगोळ्यांत दारू भरली जाई. टीएनटी या स्फोटकाच्या संसर्गानं बायकांची कातडी पिवळी पडायची, टोपीबाहेर राहिलेले केस तांबूस व्हायचे. लोक त्यांना ‘कॅनरी’ पक्ष्याच्या नावानं ओळखत. विषाला उतारा म्हणून दूध प्यायला मिळे, त्यासाठी कारखान्याचा स्वतःचा गोठा होता. ठिणगी नको म्हणून आत जाताना केसातली पिनसुद्धा काढून ठेवावी लागे. ५ डिसेंबर १९१६ च्या रात्रपाळीत तिथे स्फोट झाला आणि ३५ बायका मेल्या. वर्तमानपत्रांत गावाचं नावही येऊ दिलं नाही. बाकीच्या बायका पुन्हा त्याच कामाला लागल्या. युद्ध संपल्यावर १९१९ साली युद्धापूर्वीच्या कामाच्या पद्धती पूर्ववत करण्याचा कायदा झाला आणि त्यांच्यातल्या बहुतेकींना पुरुषांसाठी जागा रिकाम्या कराव्या लागल्या. कामाला गेल्यास त्यांनी पुन्हा घरकामाच्या नोकरीत जावं अशी अपेक्षा होती. १९२१ च्या जनगणनेत नोकरी-धंदा करणाऱ्या बायकांचं प्रमाण १९११ पेक्षा वाढलेलं नव्हतं, किंचित घटलेलंच होतं. युद्धानं मानसिकता बदलली असं म्हणणाऱ्यांनी या जनगणनेचं काय करायचं ते सांगावं.

तरी युद्धाच्या बाजूनं जे खरं आहे ते मान्य करायलाच हवं. १९१४ पूर्वी इंग्लंडमध्ये प्रौढ पुरुषांपैकीही सुमारे ४०% मतदार नव्हते, आणि मतदार होण्यासाठी एका ठिकाणी वर्षभराचा ताबा दाखवावा लागे. फ्रान्समधल्या खंदकात लढणाऱ्या शिपायाचं नाव त्यामुळे यादीतून गळणार होतं. या शिपायासाठी यादी नव्यानं करावी लागली. यादीचा प्रश्न निघाल्यावर बायकांचा प्रश्न टाळणं अवघड झालं. युद्धकाळात संयुक्त सरकार आलं, आणि कुणाच्या मतदानानं कोणता पक्ष बुडेल ही जुनी धास्ती सैल झाली. वर्षानुवर्षं आडवे आलेले माजी पंतप्रधान ॲस्क्विथ यांनी १९१७ मध्ये बायकांच्या युद्धकार्याचा दाखला देऊन जाहीरपणे आपली भूमिका बदलली. हे सगळं घडलं. युद्ध नसतं तर कायदा १९१८ मध्येच झाला असता असं मी म्हणणार नाही.

पण युद्ध हे कारण पुरेसं असतं, तर फ्रान्समध्ये काय झालं? तिथे युद्ध घराच्या अंगणात होतं. तिथल्या बायकांनीही तोफगोळे भरले, शेतं नांगरली, ट्राम चालवल्या. १९१९ साली खालच्या सभागृहानं त्यांना मत देण्याचा ठराव मंजूर केला, आणि १९२२ साली सिनेटनं तो फेटाळला. फ्रेंच बाईला मताधिकार मिळाला १९४४ मध्ये. उलट नॉर्वेत १९१३ साली, म्हणजे युद्धाआधीच, सगळ्या बायकांना मत होतं. डेन्मार्क आणि नेदरलँड्स युद्धात उतरलेच नाहीत, तिथे ते १९१५ आणि १९१९ मध्ये आलं. न्यूझीलंड तर १८९३ सालीच पुढे निघून गेलं होतं. तेव्हा युद्धानं फार तर वेळ ठरवली. फ्रान्समध्ये जे कमी पडलं आणि इंग्लंडमध्ये जे होतं, ते शोधायला युद्धाच्या मागे जावं लागतं.

मागे गेलं की पहिली गोष्ट दिसते ती ही, की संसदेतलं बहुमत बायकांच्या बाजूनं केव्हाच झालं होतं. १८६७ साली जॉन स्टुअर्ट मिल यांची बायकांना मत देण्याची दुरुस्ती ७३ विरुद्ध १९६ मतांनी पडली हे खरं. पण १८९७ पासून खासगी विधेयकं हाउस ऑफ कॉमन्समध्ये दुसऱ्या वाचनाला मंजूर होऊ लागली होती. १९०८ साली २७१ विरुद्ध ९२. १९११ साली २५५ विरुद्ध ८८. मग कायदा का झाला नाही? कारण पुढच्या टप्प्यांसाठी सरकार वेळच देत नव्हतं. सभागृह तयार, निम्मा देश तयार. दाराशी मूठभर मंत्री आणि त्यांचं पक्षाचं गणित. ‘समाज अजून तयार नाही’ हे वाक्य तेव्हाही बोललं जाई, आणि ते बोलणारे स्वतःच्या तयारीविषयी बोलत असत.

त्या मूठभरांचं मन शेवटी तरी बदललं का? लॉर्ड कर्झन आपल्याला वंगभंगामुळे माहीत आहेत. भारतातून परतल्यावर ते स्त्रीमताधिकाराच्या विरोधात स्थापन झालेल्या संघटनेचे अध्यक्ष झाले. बायकांना मत का देऊ नये याची त्यांनी पंधरा कारणं छापली होती, आणि त्यांत एक कारण असं होतं की अशानं ब्रिटनची परदेशांतली पत घसरेल आणि हिंदुस्थानात त्याचा भलताच अर्थ घेतला जाऊन राज्य दुबळं होईल. म्हणजे ब्रिटिश बाईला मत नाकारायला आपलाही वापर झाला होता. जानेवारी १९१८ मध्ये कायदा लॉर्ड्सच्या सभागृहात आला तेव्हा हेच कर्झन तिथले सभागृहनेते होते. त्यांनी विरोधातच भाषण केलं आणि शेवटी सांगितलं की कॉमन्सच्या एवढ्या मोठ्या बहुमताशी संघर्ष ओढवून घेण्याची जबाबदारी आपण घेणार नाही, म्हणून आपण तटस्थ राहू. त्यांच्या संघटनेची माणसं हतबुद्ध झाली. बायकांच्या मताचं कलम १३४ विरुद्ध ७१ मतांनी पार पडलं. कर्झन यांचं मत बदललं नव्हतं. त्या मतावर ठाम राहण्याची किंमत वाढली होती. सगळ्या वादाचं मर्म मला या एका प्रसंगात दिसतं.

याहून साधं, घरगुती उदाहरण हवं असेल तर मेहुणीशी लग्नाचं घ्या. बायको वारल्यावर तिच्या बहिणीशी लग्न करणं आपल्याकडे कितीतरी घरांत झालेलं आहे. मुलांना मावशीच आई म्हणून मिळते असाच विचार त्यामागे असे. इंग्लंडमध्ये १८३५ च्या कायद्यानं असं लग्न रद्दबातल ठरवलं होतं. लोक काय करत? गरिबांतले पुष्कळ जण निमूटपणे संसार मांडत. पैसेवाले परदेशी जात. चित्रकार विल्यम होल्मन हंट यांनी १८७५ साली स्वित्झर्लंडला जाऊन आपल्या मेहुणीशी लग्न केलं. बदलाचं विधेयक पहिल्यांदा आलं १८४२ मध्ये. कॉमन्सनं ते पुन्हा पुन्हा मंजूर केलं, बिशप आणि उमराव पुन्हा पुन्हा पाडत राहिले. कायदा झाला १९०७ मध्ये, पासष्ट वर्षांनी! एवढ्या काळात अशा घरांत जन्मलेली किती मुलं कायद्याच्या लेखी अनौरस राहिली असतील. इथे तर समाज पुढे होता आणि कायदा मागे. मग ‘समाज तयार झाला की कायदा आपोआप येतो’ हे कुठे राहिलं? तयार समाजालाही पासष्ट वर्षं दार ठोठवावं लागतं.

दार ठोठवणारे हात कुणाचे होते, हे आमच्या सभागृहातल्या त्या मुलीनंही अर्धवटच सांगितलं. तिच्या डोळ्यांसमोर होत्या हॅट घातलेल्या, हातात हातोडी घेतलेल्या लंडनच्या बायका. पँकहर्स्ट यांची संघटना १९०३ साली मँचेस्टरमध्ये निघाली, पण त्याच लँकेशर परगण्यातल्या कापडगिरण्यांच्या दारांत त्याआधीच वेगळं काम झालं होतं. इव्हा गोर-बूथ, एस्थर रोपर आणि त्यांच्या सोबतिणी पाळी सुटायच्या वेळी गिरणीच्या फाटकाशी उभ्या राहून सह्या घेत. त्यांच्यातली सेलिना कूपर स्वतः दहाव्या वर्षी गिरणीत लागलेली. १९०१ साली २९,३५९ गिरणीकामगार बायकांच्या सह्यांचा अर्ज लंडनला गेला. ही चळवळ नेमकी इथेच का पेटली? विणकाम खात्यात बाईला आणि पुरुषाला नगावर जवळजवळ सारखीच मजुरी मिळे, दोघं एकाच युनियनला वर्गणी भरत. शुक्रवारी स्वतःच्या नावाचं पाकीट हातात घेणाऱ्या बाईला मत का नाही, हा प्रश्न तिला कुणी शिकवावा लागला नाही. गिरणगावाशी नातं असलेल्या मराठी वाचकाला हे फोड करून सांगायची गरज नाही.

आणि क्रॅडली हीथ. बर्मिंगहॅमच्या पश्चिमेचं हे गाव साखळ्यांसाठी प्रसिद्ध. जहाजाच्या नांगराच्या अवजड साखळ्या कारखान्यात पुरुष घडवत. हलक्या साखळ्या बायका घराच्या परसातल्या खोपटात घडवत. छोटी भट्टी, भाता, ऐरण. लोखंडाची कांब लाल करायची, वाकवायची, आधीच्या कडीत ओवायची, पुन्हा तापवून घणानं टोकं सांधायची. एक कडी झाली की पुढची. तान्हं मूल तिथेच जवळ खोक्यात निजवलेलं. आठवडाभर घण घातल्यावर हाती पाच-सहा शिलिंग येत. १९०९ साली वेतन मंडळांचा कायदा झाला आणि मंडळानं ताशी अडीच पेन्स किमान दर ठरवला. काहींची कमाई त्यानं जवळपास दुप्पट होणार होती. मालकांनी काय केलं? कायद्यात सहा महिन्यांची सूट घेण्याची पळवाट होती. वाचता न येणाऱ्या बायकांचे अंगठे त्या सुटीला संमती देणाऱ्या कागदांवर घेतले गेले. कामगार पुढारी मेरी मॅकार्थर यांनी बायकांना एकत्र केलं आणि १९१० च्या उन्हाळ्याअखेर संप सुरू झाला. गळ्यात साखळ्या घातलेल्या म्हाताऱ्यांची छायाचित्रं देशभर छापून आली, चित्रपटगृहांत त्यांची चित्रफीत दाखवली गेली, वर्गणीचा ओघ लागला. दहा आठवड्यांनी, २२ ऑक्टोबर १९१० ला, शेवटच्या मालकानं सही केली. उरलेल्या वर्गणीतून बायकांनी गावात कामगारांसाठी वास्तू बांधली.

क्रॅडली हीथवर मी एवढी रेंगाळले, कारण आपल्या वादाच्या दोन्ही बाजू तिथे एकाच परसात भेटतात. कायदा होता, पण संप नसता तर तो कागदावरच राहिला असता. संपाची हिंमत होती, पण बोट ठेवायला अडीच पेन्सचा आकडा नसता तर तो संप कदाचित भुकेनं मोडला असता. मालकांची मानसिकता? ती सही करण्याच्या आदल्या दिवशीही तीच होती.

मानसिकता म्हणतात ती कशी काम करते, हे एका बाईनं स्वतःच्या देहावर तपासून दाखवलं. लेडी कॉन्स्टन्स लिटन. १८७७ चा दिल्ली दरबार भरवणारे आणि १८७८ साली देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणणारे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांची ही मुलगी. मताधिकाराच्या चळवळीत ती तुरुंगात गेली, उपोषण केलं, तर डॉक्टरांनी हृदय तपासलं, ते कमजोर असल्याचं सांगितलं आणि तिला सोडून दिलं. सोबतच्या गरीब बायकांना मात्र नळीनं बळजबरीनं अन्न भरवलं जात होतं. तिला ते सहन झालं नाही. तिनं केस कापले, स्वस्तातला कोट घेतला, चष्मा लावला, नाव घेतलं जेन वॉर्टन आणि धंदा सांगितला शिवणकाम. जानेवारी १९१० मध्ये लिव्हरपूलला अटक झाली. या वेळी कुणी हृदय तपासलं नाही. जबडा फाकवून, घशात नळी घालून तिला आठ वेळा अन्न भरवलं. पहिल्या खेपेला ती ओकली तेव्हा डॉक्टरनं जाताना तिच्या गालावर चापट मारली. हृदय तेच, बाई तीच. फक्त नावापुढचं ‘लेडी’ नव्हतं. १९१२ मध्ये तिला पक्षाघात झाला, उजवा हात गेला. डाव्या हातानं तिनं आपली हकिगत लिहून काढली. १९२३ मध्ये ती वारली.

मला जेन वॉर्टनचा कोट कर्झन यांच्या भाषणाहून अधिक शिकवतो. बायकांविषयीची मानसिकता अशी एकसंध काही चीज नव्हतीच. लेडीसाठी एक होती, शिवणकाम करणारीसाठी दुसरी. म्हणून ‘समाजाची मानसिकता बदलली’ हे वाक्य ऐकलं की मी विचारते, कुणाविषयीची? १९१८ च्या कायद्यानं घरमालकाच्या बायकोला आत घेतलं आणि मोलकरणीला बाहेर ठेवलं, ते याच भेदामुळे.

आता काचांच्या बाजूविषयी. दुकानांच्या काचा फोडणं, टपालपेट्यांत ॲसिड ओतणं, रिकामी घरं पेटवणं यानं सहानुभूती गमावली, हा आक्षेप पोकळ नाही. मार्च १९१२ मध्ये लंडनभर काचा फुटल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मताधिकाराचं विधेयक १४ मतांनी पडलं. मिलिसेंट फॉसेट यांच्यासारख्या सनदशीर मार्गाच्या नेत्याही या दांडगाईनं व्यथित होत्या, आणि त्यांची संघटना कितीतरी मोठी होती. १९१४ पर्यंत पन्नास हजारांवर सभासद. पण त्या १४ मतांची फोड केली तर वेगळंही दिसतं. आयर्लंडच्या स्वराज्याचं विधेयक वाचवायचं म्हणून आयरिश सदस्यांनी या वेळी बाजू बदलली होती. काचांमुळे बिथरलेले होते, तसे ज्यांना आधीच सबब हवी होती तेही होते. शिवाय काचा फोडणाऱ्यांच्या मागे सह्या घेणाऱ्या नसत्या तर काचा नुसत्या काचाच राहिल्या असत्या. आणि निव्वळ सह्यांची भेंडोळी संसदेनं १८६६ पासून पाहिली होती. सरकारला १९१७ मध्ये एक भीती होतीच की युद्ध संपल्यावर पुन्हा बायकांना तुरुंगात नळ्यांनी अन्न भरवावं लागेल, आणि ते दृश्य त्या देशाला आता परवडणारं नव्हतं. सह्या घेणारीनं कारण पुरवलं, काचा फोडणारीनं निकड.

सर्वांत जड आक्षेप मात्र वेगळा आहे, आणि व्याख्यात्यांनी तो मांडला असता तर मी अधिक गप्प बसले असते. मनं बदलली नाहीत तर कायदा पोकळ राहतो. खरंच राहतो. १९१९ साली स्त्री म्हणून किंवा विवाहित म्हणून कुणालाही सार्वजनिक पदापासून, व्यवसायापासून दूर ठेवता येणार नाही असा कायदा झाला. तरी लग्न झालं की शिक्षिकेला नोकरी सोडायला लावणाऱ्या नगरपालिका होत्याच. शिक्षिकांवरचं हे बंधन १९४४ मध्ये गेलं, परराष्ट्र सेवेतलं तर १९७३ मध्ये. केंब्रिज विद्यापीठानं १९२१ साली बायकांना पूर्ण पदवी नाकारली, आणि विजयाच्या कैफात पुरुष विद्यार्थ्यांनी हातगाडीच्या धडका देऊन न्यूनम कॉलेजचं ब्राँझचं फाटक फोडलं. ते फाटक कॉलेजच्या पहिल्या प्राचार्या ॲन क्लफ यांच्या स्मरणार्थ होतं. बायका खासदार झाल्या होत्या त्या काळातली ही गोष्ट. सुशिक्षित तरुणांच्या मनात काय होतं ते त्या मोडक्या फाटकावर लिहिलेलं होतं. केंब्रिजनं पूर्ण पदवी दिली १९४८ मध्ये.

पण यातून वाट पाहावी असं निघतं का? १९१८ आधीच्या पन्नास वर्षांत बायकांच्या ज्या मागण्या रखडत होत्या, त्यांतल्या किती नंतरच्या दहा वर्षांत सुटल्या ते पाहा. १९२३ मध्ये घटस्फोटासाठी नवऱ्याचा व्यभिचार हे पुरेसं कारण झालं; तोवर नवऱ्याला बायकोचा व्यभिचार पुरे होता, बायकोला मात्र त्याशिवाय क्रौर्य किंवा परित्याग असं काहीतरी सिद्ध करावं लागे. १९२५ मध्ये मुलांच्या ताब्याबाबत न्यायालयापुढे आईला बापाच्या बरोबरीनं उभं राहता आलं. १९२८ मध्ये २१ वर्षांच्या सगळ्या बायका मतदार झाल्या, म्हणजे बार्नबोच्या पोरींना शेवटी मत मिळालं, त्या काम सोडून दहा वर्षं उलटल्यावर. ८४ लाख मतदार बायका दारात आल्यावर उमेदवारांना आईच्या हक्काविषयी मत असणं भाग पडलं. अर्धवट कायद्यानंही मनं बदलायला माणसं मिळवून दिली. त्या आधी उपदेशानं, प्रवचनानं, वाट पाहण्यानं हे झालं नव्हतं.

दैनंदिन वागणुकीतही हाच क्रम दिसतो. बाईनं एकटीनं बाहेर चहा पिणं हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सभ्य ठरलं, कारण लायन्स कंपनीसारख्यांची चहागृहं जागोजाग निघाली होती. आधी टेबल-खुर्ची आली, मग सभ्यतेची व्याख्या सरकली. लंडनच्या कॅम्डन भागात १९०० च्या सुमारास बायकांसाठी सार्वजनिक स्वच्छतागृह बांधायचा प्रस्ताव आला, तर विरोधकांनी रहदारीला अडथळा होईल अशी हाकाटी केली. जागेवर लाकडी खोपटं उभं करून पाहिलं, तेव्हा गाडीवाल्यांनी त्याला मुद्दाम धडका दिल्या. नाटककार बर्नार्ड शॉ तेव्हा तिथल्या स्थानिक कारभारात होते आणि बायकांच्या बाजूनं भांडत होते. मुंबईतल्या ‘राइट टू पी’ मोहिमेतल्या बायकांना ही हकिगत शंभर वर्षांपूर्वीची वाटणार नाही. स्वच्छतागृह आधी की मानसिकता आधी, हा प्रश्न ज्याला दिवसभर बाहेर राहावं लागत नाही तोच विचारू शकतो.

हाच युक्तिवाद मग बोटीनं आपल्याकडे आला. १९१८-१९ मध्ये हिंदुस्थानातल्या मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीनं इथल्या बायकांना मत द्यायला नकार दिला. इथली सामाजिक परिस्थिती त्याला अनुकूल नाही, असं कारण. नुकताच ज्यांच्या देशात लॉर्ड कर्झन यांना तटस्थ राहावं लागलं होतं, ते आपल्याविषयी समाज तयार नसल्याचं सांगत होते. मुंबईहून हेराबाई टाटा आणि त्यांची विशीतली मुलगी मिठन १९१९ मध्ये लंडनला गेल्या, संसदेच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली, गावोगाव भाषणं केली. संसदेनं प्रश्न प्रांतांवर सोपवला. इकडे रमाबाई रानडे आणि इतर जणी काम करत होत्याच. १९२१ मध्ये मद्रासपाठोपाठ मुंबई प्रांतानं बायकांना मत दिलं. तेही मालमत्तेच्या अटीनं, म्हणजे थोडक्यांनाच. पण समितीच्या अंदाजाला दोन-अडीच वर्षंसुद्धा टिकता आलं नाही.

मिठन टाटा शिकण्यासाठी लंडनलाच राहिल्या. १९१९ च्याच डिसेंबरमध्ये तो ‘पोकळ’ कायदा झाला आणि बॅरिस्टरीची दारं बायकांना उघडली. त्यांनी बॅरिस्टर घडवणाऱ्या लिंकन्स इन या संस्थेत प्रवेश घेतला, १९२३ मध्ये बॅरिस्टर झाल्या आणि मुंबईला परत येऊन उच्च न्यायालयात उभ्या राहिल्या. पहिला खटला त्यांच्याकडे आला त्याचं कारण त्यांनीच पुढे सांगितलं आहे. अशिलाला आपण जिंकणार याची खात्री होती, आणि प्रतिपक्षाला एका बाईकडून हरल्याची नामुष्की सोसायला लावायची होती. त्या माणसाची मानसिकता जराही बदललेली नव्हती. मिठनबाईंनी वकीलपत्र घेतलं.